मुळांचा दावा आणि मतांचा जोगवा : ठाण्यातून एक चर्चा (२०२५, पालिका निवडणुकीपूर्वी)

मासुंदाकाठ (धागाकर्ता)

२०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हापासून गेली तीन वर्षे टेंभी नाक्यावरून स्टेशनकडे जाताना एक गोष्ट सतत मनात येते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या फलकांवर पक्ष वेगळे असतात, चिन्हे वेगळी असतात, शुभेच्छुकांच्या रांगाही वेगळ्या असतात; परंतु वरच्या कोपऱ्यात बाळासाहेब ठाकरे आणि ठाण्यातले शिवसेनेचे दिवंगत नेते आनंद दिघे यांचे चेहरे दोन्हीकडे तेच असतात. पालिकेची निवडणूक जसजशी जवळ येत आहे, तसतसे हे चेहरे मोठे होत चालले आहेत आणि 'मूळ', 'खरी', 'अस्सल' हे शब्दही. एखादा पक्ष आपल्या मुळांकडे परततो असे म्हणतो तेव्हा तो नेमके काय करतो, याची चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. कोणता गट चांगला आणि कोणता वाईट हे ठरवणे हा त्याचा हेतू नाही, एवढे आधीच सांगतो.

ठाण्याला या विषयावर बोलण्याचा अधिकार आहे, कारण हे शहर स्वतःच त्या मुळाचा भाग आहे. शिवसेनेची स्थापना १९ जून १९६६ रोजी झाली आणि पुढच्याच वर्षी ठाणे नगरपालिकेत ४० पैकी १७ जागा मिळवून पक्षाने आपले पहिले निवडणूक यश पाहिले. वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले. मुंबई महापालिकेतील प्रवेश त्यानंतरचा, १९६८ चा. माझे वडील त्या वेळी बावीस वर्षांचे होते, चरईत राहत होते आणि संध्याकाळी नोकरीवरून आल्यावर खळीचा डबा घेऊन भिंतीवर पत्रके चिकटवत फिरत असत. त्यांनी मला पुढे अनेकदा सांगितले की त्या प्रचारात मोठमोठी तत्त्वे फारशी नव्हती. मराठी मुलांना नोकऱ्या, नळाला पाणी, तुंबलेली गटारे आणि गल्लीत दिवा, एवढ्याच गोष्टी घरोघरी बोलल्या जात. निवडणूक झाल्यावर त्यांनी एक वही घातली होती, आणि गल्लीतल्या तक्रारी तीत तारीखवार लिहून ते दर आठवड्याला नगरपालिकेत घेऊन जात. ती वही अजून माझ्याकडे आहे.

आता हे पाहा. ज्या धनुष्यबाणासाठी एवढा मोठा लढा झाला, तो धनुष्यबाण १९६७ च्या ठाण्यात नव्हता. तो पक्षाला कायमचा मिळाला १९८९ मध्ये, राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळाली तेव्हा. त्याआधी ढाल-तलवार होती, रेल्वे इंजिन होते, आणि १९८४ च्या लोकसभेला तर शिवसेनेचे उमेदवार भाजपच्या कमळावर उभे राहिले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि चिन्ह गोठवल्यावर दोन्ही गटांनी काय मागितले, हेही बोलके आहे. एका गटाचे नाव झाले 'शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)', दुसऱ्याचे, म्हणजे एकनाथ शिंदे यांच्या गटाचे, 'बाळासाहेबांची शिवसेना'. एकाला मशाल मिळाली, जिच्यावर १९८५ मध्ये छगन भुजबळ माझगावातून निवडून आले होते. दुसऱ्याला ढाल-तलवार मिळाली, तीही पक्षाच्या जुन्याच कपाटातली. दोघांनाही मागे वळून पाहिल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता आले नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की ठाण्यातले मूळ चेहऱ्यात किंवा चिन्हात सापडणार नाही, ते कामाच्या एका पद्धतीत आहे. गल्लीतल्या माणसाने शाखेत यावे, तक्रार सांगावी, ती कोणीतरी लिहून घ्यावी आणि तिचा पाठपुरावा करावा, ही ती पद्धत. 'ऐंशी टक्के समाजकारण आणि वीस टक्के राजकारण' हे वाक्य त्या पद्धतीचे वर्णन होते. जुन्या ठाणेकरांना गडकरी रंगायतनाची गोष्ट माहीत आहे : प्रचारसभेत लोकांनी नाट्यगृह मागितले, बाळासाहेबांनी शब्द दिला, आणि १९७८ मध्ये, सतीश प्रधान नगराध्यक्ष असताना, मासुंदा तलावाच्या काठी ते उभे राहिले. शब्द आणि वास्तू यांमध्ये दहा वर्षे गेली, पण वास्तू उभी राहिली. आज जो कोणी 'आम्हीच मूळ' असे म्हणतो, त्याला मी या मोजपट्टीने मोजू इच्छितो. आपली मते वाचायला आवडतील.


वकिलीआळी

धागाकर्त्यांनी चिन्हाचा उल्लेख केला आहे म्हणून कायद्याची बाजू मांडतो, कारण 'मूळ पक्ष कोणता' हा प्रश्न आपल्याकडे केवळ भावनेचा नाही. त्याची एक ठरलेली प्रक्रिया आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते.

पक्षात फूट पडून दोन गट एकाच नावावर हक्क सांगू लागले, तर निवडणूक चिन्हे आदेश, १९६८ याच्या परिच्छेद १५ नुसार निवडणूक आयोग निर्णय देतो. तो कसा द्यायचा याची चौकट काँग्रेसच्या १९६९ च्या फुटीनंतरच्या सादिक अली खटल्यात, १९७१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. त्या चौकटीत पक्षाची ध्येये आणि उद्दिष्टे कोण पाळतो हे पाहता येते, पक्षाच्या घटनेप्रमाणे कोण चालतो हे पाहता येते आणि बहुमत कोणाकडे आहे हेही पाहता येते. धागाकर्ते ज्याला मूळ म्हणतात, ते यांपैकी पहिल्या कसोटीत बसते. शिवसेनेच्या बाबतीत १७ फेब्रुवारी २०२३ च्या निकालात ही कसोटी निर्णायक ठरली नाही. घटनेच्या कसोटीवरही आयोग विसंबला नाही, कारण २०१८ मध्ये बदललेली घटना आयोगाच्या नोंदीवर नव्हती आणि तिच्यात अंतर्गत लोकशाहीचा अभाव असल्याचे आयोगाचे मत झाले. उरले विधिमंडळ पक्षातील बहुमत. ५५ आमदारांपैकी ४० एकनाथ शिंदे यांच्यासोबत होते, म्हणून नाव आणि धनुष्यबाण तिकडे गेले. पुढे १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्षांनी अपात्रतेच्या याचिकांवर निर्णय देताना १९९९ ची घटना ग्राह्य धरली आणि तेही याच निष्कर्षाला आले.

हा निकाल योग्य की अयोग्य, हा वाद सर्वोच्च न्यायालयासमोर आहे आणि मी त्यात शिरत नाही. मला दाखवायचे आहे ते असे की वारशाचा निवाडा करण्याचे साधन कायद्याकडे जवळजवळ नाहीच. ध्येयांची कसोटी कागदावर आहे, परंतु दोन्ही गट तीच ध्येये सांगत असतील तर ती वापरणार कशी? मग डोकी मोजली जातात. या अर्थाने मुळांचा खरा निवाडा मतदारावरच येऊन पडतो, आणि म्हणूनच हे चेहरे फलकावर मोठे होत जातात.


तीन_पिढ्या_नौपाडा

धाग्याचा विषय 'पक्ष आणि मूळ' असा असेल, तर ठाण्याचे मूळ १९६७ पासून सुरू होते ही मांडणी मला अपुरी वाटते. आमचे घराणे जनसंघाचे, म्हणजे भाजपच्या आधीच्या पक्षाचे. या शहरात समाजवादी होते, काँग्रेस होती, जनसंघ होता, आणि प्रत्येकाचे आपापले वाडे, वाचनालये आणि चहाची दुकाने होती.

रामभाऊ म्हाळगी १९५७ मध्ये मावळातून जनसंघाचे आमदार झाले आणि पुढे १९७७ व १९८० मध्ये ठाण्याचे खासदार म्हणून निवडून आले. त्यांची एक सवय आज सांगितली तर तरुणांना खरी वाटत नाही. ते आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांना देत असत. आमच्या आजोबांच्या कपाटात त्या अहवालाच्या प्रती होत्या; मी लहानपणी त्यांना वहीचे कव्हर घातलेले पाहिले आहे. १९८९ आणि १९९१ मध्ये राम कापसे याच मतदारसंघातून भाजपचे खासदार झाले. १९९६ मध्ये ही जागा शिवसेनेकडे गेली आणि प्रकाश परांजपे निवडून आले. त्या वेळी आमच्या घरात झालेली चर्चा मला स्पष्ट आठवते. मित्रपक्षाला जागा देणे हा व्यवहार असतो हे आजोबांना समजत होते, परंतु ज्या कार्यकर्त्यांनी म्हाळगींच्या काळापासून मतदारयाद्या हाताने लिहिल्या होत्या, त्यांना कोणी एका शब्दाने विचारले नाही, याचे त्यांना शेवटपर्यंत दुःख होते.

आता भाजपही ठाण्यात आपल्या मुळांची आठवण वारंवार काढतो. उत्तनला म्हाळगींच्या नावाची प्रबोधिनी आहे, तिथे देशभरातून लोकप्रतिनिधी प्रशिक्षणाला येतात, याचा मला अभिमान आहे. तरीही मी माझ्याच पक्षाच्या लोकांना विचारतो की म्हाळगींचे नाव घेणाऱ्यांपैकी किती जण दरवर्षी मतदाराच्या हातात अहवाल ठेवतात? मासुंदाकाठ यांची वही आणि म्हाळगींचा अहवाल या मला सख्ख्या बहिणी वाटतात. पक्ष वेगळे होते, पण मतदाराला हिशेब द्यायचा असतो ही समज दोघांकडे होती.


सावरकरनगर_२३

मी पेशाने शिक्षिका आहे आणि माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तीस वर्षे होते. मुळांची चर्चा करताना आपण मुळांमधले सोयीचे तेवढेच तंतू उचलत आहोत असे मला वाटते, म्हणून थोडे कठोर लिहिते; कोणी मनाला लावून घेऊ नये.

शिवसेनेच्या १९६६ ते १९७० या चार वर्षांच्या मुळात मराठी मुलांच्या नोकऱ्या होत्या हे खरे, आणि दक्षिण भारतीयांच्या विरोधातली मोहीमही होती. १९६८ च्या मुंबईत प्रजा समाजवादी पक्षाशी युती होती. १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली, आणि त्या रिकाम्या जागेवर वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार म्हणून निवडून आले. १९७४ मध्ये वरळीत दलित पँथरशी संघर्ष झाला. १९७५ मध्ये आणीबाणीला पाठिंबा दिला गेला. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीपासून हिंदुत्व हा मुख्य सूर झाला. या सगळ्यांपैकी कोणते मूळ? एक गट म्हणतो की हिंदुत्व सोडले म्हणून मूळ सोडले. दुसरा म्हणतो की मराठी माणूस आणि महाराष्ट्राचा स्वाभिमान हेच मूळ, दिल्लीपुढे झुकणे म्हणजे ते सोडणे. दोघांचेही म्हणणे इतिहासातून सिद्ध करता येते, कारण दोन्ही गोष्टी त्या इतिहासात आहेत. फक्त त्यांची वर्षे वेगळी आहेत. मुळांकडे परतणारा पक्ष खरे तर आपल्या भूतकाळातले एक वर्ष निवडतो, आणि ते वर्ष आजच्या मतदाराकडे पाहून निवडलेले असते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मनसेचे आहे. ९ मार्च २००६ रोजी पक्ष स्थापन झाला तेव्हा झेंड्यात निळा, भगवा आणि हिरवा असे रंग होते. २३ जानेवारी २०२० रोजी, म्हणजे बाळासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, तो बदलून संपूर्ण भगवा आणि त्यावर शिवरायांची राजमुद्रा असा झाला. पुढे २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा शासन निर्णय आला, त्याला विरोध झाला, २९ जूनला सरकारने तो मागे घेतला आणि ५ जुलैला वरळीत उद्धव आणि राज ठाकरे जवळपास दोन दशकांनंतर एका राजकीय मंचावर आले. त्या दिवशीचा विषय पुन्हा मराठी होता. पाच वर्षांत एकाच नेत्याने दोन वेगवेगळ्या मुळांना हात घातला, आणि दोन्ही वेळा त्यांच्या समर्थकांना ते घरी परतल्यासारखे वाटले.

मराठीचा आग्रह मला मनापासून पटतो. मी मराठी शाळेत शिकवते आणि वर्गातली पटसंख्या दरवर्षी माझ्या डोळ्यांदेखत घटते आहे. म्हणूनच मला राग येतो. 'स्थानीय लोकाधिकार'च्या चळवळीने माझ्या वडिलांच्या पिढीतल्या कित्येकांना बँकांत आणि विमा कंपन्यांत नोकरी मिळवून दिली, हे मूळ होते. वागळे इस्टेटमधले कारखाने बंद पडून त्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, तेव्हा त्या कामगारांच्या मुलांचे काय, हा प्रश्न मुळांवर बोलणाऱ्या कुठल्या पक्षाने धसास लावला?


वकिलीआळी

सावरकरनगर_२३, 'भूतकाळातले एक वर्ष निवडणे' हे आपले निरीक्षण माझ्या वरच्या प्रतिसादाला फार चांगले पूरक आहे. आयोगाला ध्येयांची कसोटी वापरणे कठीण का जाते, याचे याहून सोपे उत्तर मला देता आले नसते.


शाखेतला_एक

मी गेली अठरा वर्षे शाखेत बसतो. कोणत्या गटाच्या, ते मुद्दाम लिहीत नाही, कारण मग माझे म्हणणे कोणी वाचणार नाही.

धागाकर्ते काका, आपल्या वडिलांची वही वाचून बरे वाटले, परंतु आपण असे लिहिले आहे की जणू आज सगळे फलकांवरच आहे. तसे नाही. पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून ठाण्यात प्रशासक आहे. नगरसेवक नाही. प्रभागातल्या बाईला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, मुलाच्या शाळाप्रवेशासाठी, रुग्णालयाचे बिल कमी करण्यासाठी किंवा रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेसाठी दुसरा दरवाजा कोणता आहे? ती शाखेतच येते. सोमवार ते शनिवार संध्याकाळी सात ते दहा माझ्यासमोर रांग असते. दिघे साहेब आनंदाश्रमात रात्र रात्र बसून लोकांचे ऐकत, ते मी लहानपणी वडिलांचे बोट धरून पाहिले आहे. २६ ऑगस्ट २००१ रोजी साहेब गेले तेव्हा मी अकरावीत होतो, आणि आमच्या आळीत दोन दिवस चूल पेटली नव्हती. मी त्यांचा फोटो लावतो तो मते मिळावीत म्हणून लावत नाही. मी ज्यांच्यामुळे या खुर्चीवर बसलो, त्यांचा फोटो माझ्या मागे नको का?

फुटीनंतर आम्हा कार्यकर्त्यांवर काय वेळ आली, हेही जाणत्यांनी समजून घ्यावे. नेते वर वेगळे झाले, आणि खाली शाखेच्या चाव्या कोणाकडे यावरून सख्खे मित्र समोरासमोर उभे राहिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंब्र्यातली शाखा पाडण्यावरून काय झाले ते सर्वांनी पाहिले. २०२४ च्या लोकसभेला ठाण्यात नरेश म्हस्के आणि राजन विचारे लढले. दोघेही दिघे साहेबांच्या तालमीतले. विधानसभेला कोपरी-पाचपाखाडीत शिंदे साहेबांसमोर केदार दिघे उभे होते, साहेबांचे सख्खे पुतणे. त्या निवडणुकीत रक्ताचा वारसा आणि कामाचा वारसा असे दोन शब्द प्रचारात खूप चालले, आणि ठाणेकरांनी एक लाखाहून अधिक मताधिक्याने निर्णय दिला. मला त्यातून कोणाला खिजवायचे नाही. मी एवढेच सांगतो की ठाण्यातला मतदार फोटो पाहून फसत नाही.


मासुंदाकाठ

शाखेतला_एक, आपण मनापासून लिहिलेत आणि माझी चूक दाखवलीत. पालिकेत लोकप्रतिनिधी नसल्यामुळे शाखेवर जो भार आला आहे, त्याचा मी विचार केला नव्हता. २०१७ मध्ये १३१ पैकी ६७ जागा देऊन ठाणेकरांनी शिवसेनेला प्रथमच स्पष्ट बहुमत दिले, आणि पाच वर्षांनी त्या सभागृहाची मुदत संपली ती संपलीच.

परंतु एक गोष्ट आपल्यापुढे ठेवतो. माझ्या वडिलांची वही नगरपालिकेत जात असे. तक्रार चरईतल्या सर्वांची असे, आणि काम झाले तर ते गटार सर्वांचे स्वच्छ होई. आपल्यासमोर जी रांग आहे, तीतली प्रत्येक व्यक्ती आपले स्वतःचे काम घेऊन येते आणि ते झाले की आपली ऋणी होऊन जाते. या दोन्हींना आपण समाजकारणच म्हणतो. मला त्यात फरक दिसतो, आणि तो तुमच्या निष्ठेवरचा आक्षेप नाही. दाखला मिळणे हा त्या बाईचा हक्क आहे. तो शाखेच्या ओळखीने मिळाला तर तिच्या मनात तो उपकार म्हणून राहतो, आणि निवडणुकीत परत मागितला जातो.


शाखेतला_एक

फरक आहे, मान्य करतो. पण काका, खिडकीवरचा माणूस तिला तीनदा परत पाठवतो, तेव्हा तिने हक्काची वाट किती दिवस पाहायची? मी तिला सांगू शकत नाही की ताई, तुमचे काम करून दिले तर तुमच्या हक्काचे नुकसान होईल.


जासईची_माती

ठाण्याच्या चर्चेत खाडीपलीकडून येऊन लिहितो, कारण मुळांचा प्रश्न आमच्याकडे जमिनीच्या सातबाऱ्यापासून सुरू होतो आणि पक्षांचा क्रम त्यानंतर लागतो.

आमच्या भागात मुळांचा पक्ष म्हणजे शेकाप, शेतकरी कामगार पक्ष. आजच्या तरुणांना लाल बावटा म्हणजे एखाद्या जुन्या आजोबांची आठवण वाटते, परंतु कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात तो झेंडा चरीच्या शेतकरी संपातून उगवला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे खोतांच्या विरोधात शेतकऱ्यांनी जमिनी पडीक ठेवल्या, जंगलातली लाकडे विकून दिवस काढले, पण माघार घेतली नाही. शेकाप नंतरचा, स्वातंत्र्याच्या आसपासचा. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांचा. त्याला आमच्याकडे जी माणसे मिळाली, ती त्या संपाने घडवलेली होती.

मग १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ, सिडको, आले आणि ९५ गावांच्या जमिनी त्या नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. दि. बा. पाटील जासईचे, पनवेलचे शेकापचे आमदार, पुढे खासदार. जानेवारी १९८४ मध्ये १६ आणि १७ तारखेला जासई आणि दास्तान फाट्यावर शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. माझी आत्या त्या गर्दीत होती. तिच्या पायाला लागलेला मार थंडीत दुखू लागला की ती अजूनही तारीख सांगते. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मिळाले, म्हणजे ज्याची जमीन गेली त्याला नव्या शहरात हिस्सा. हे तत्त्व आमच्या पक्षाचे मूळ आहे, आणि पक्षाचा झेंडा कोणाच्या हातात आहे यावर ते अवलंबून नाही.

आता विमानतळाचे पाहा. २०२१ मध्ये नवी मुंबई विमानतळाला बाळासाहेबांचे नाव देण्याचा प्रस्ताव पुढे आला. १० जूनला आमच्या गावांनी मानवी साखळी केली, २४ जूनला, दि. बां.च्या स्मृतिदिनी, बेलापूरला सिडको भवनावर हजारो लोक गेले. ती सभा कुठल्या एका पक्षाची नव्हती. शेकापमधून आधी काँग्रेसमध्ये आणि मग भाजपमध्ये गेलेले होते, राष्ट्रवादीचे होते, आमच्यासारखे लाल बावट्याशी टिकून राहिलेले होते. शेवटी जून २०२२ मध्ये सत्ता जाण्याआधीच्या शेवटच्या बैठकीत महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने दि. बां.च्या नावाला मान्यता दिली आणि पुढच्या महिन्यात नव्या सरकारने तोच ठराव पुन्हा केला. दोन सरकारांनी एकाच नावाला दोनदा मान्यता दिली, कारण त्या नावामागची मते दोघांनाही हवी होती.

इथे मला जे सांगायचे आहे ते सावरकरनगर_२३ यांच्यापेक्षा थोडे निराळे आहे. पक्ष आपली मुळे निवडतात हे खरेच, पण आमच्याकडे तर मोठे पक्ष दुसऱ्या पक्षाची मुळेही उचलून घेऊन गेले. दि. बां.नी १९९९ मध्ये स्वतः शिवसेनेत प्रवेश केला होता, त्यामुळे कोणाला हात धरून 'हे आमचे' असे म्हणण्याचीही सोय राहिली नाही. या मातीतला शेकाप आज विधानसभेत सांगोल्याच्या एका जागेपुरता उरला आहे, आणि त्याच्या नेत्याच्या नावाचा गजर मात्र सर्व मंचांवर होतो. मला त्याचे वाईट वाटत नाही, नाव मिळाले पाहिजे. परंतु नाव मागणाऱ्या प्रत्येकाला मी गरजेपोटी बांधलेल्या घरांचे विचारतो. गावठाणांत कुटुंबे वाढली, जमीन गेलेली, म्हणून लोकांनी जवळच घरे बांधली, आणि ती नियमित करण्याचे आश्वासन मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहे. दि. बां.चे मूळ त्या घरांच्या भिंतीत आहे, विमानतळाच्या पाटीचा प्रश्न नंतरचा.


घोडबंदर_नवा

मी २०११ मध्ये नाशिकहून इथे राहायला आलो. १९६७ असो की १९८४, माझ्या सोसायटीतल्या निम्म्याहून अधिक लोकांना या तारखा माहीत नाहीत. प्रचाराला येणारे आमच्याकडे मुळांविषयी बोलतात तेव्हा आम्ही आदराने ऐकतो, आणि मग पाण्याच्या टँकरचे दरमहा येणारे बिल त्यांच्यासमोर ठेवतो. हा धागा वाचून मला प्रथमच असे वाटले की ते बिल आणि त्या काळातली तक्रारवही या एकाच विषयातल्या गोष्टी आहेत.


तीन_पिढ्या_नौपाडा

घोडबंदर_नवा यांच्या प्रतिसादामुळे एक भर घालतो. ज्या शहरात मोठ्या संख्येने मतदार बाहेरून आलेले आहेत, तिथे जुन्या आठवणींवर मते मागण्याचा परिणाम हळूहळू मर्यादित होत जाणार, हे प्रत्येक पक्षाच्या प्रभाग पातळीवरच्या माणसाला दिसते आहे. तरीही फलकांवरचे चेहरे कमी होत नाहीत, याचे माझ्या मते कारण असे की ते फलक नव्या मतदारासाठी लावलेलेच नसतात. ते आपल्याच कार्यकर्त्याला सांगण्यासाठी असतात की तू योग्य ठिकाणी आहेस. फुटीनंतर ही गरज वाढली आहे, आणि शाखेतला_एक यांनी खुर्चीमागच्या फोटोविषयी जे लिहिले, त्यात मला तेच दिसले.


मासुंदाकाठ

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. सावरकरनगर_२३ यांचे म्हणणे मला पूर्ण पटले : मी स्वतःही १९६७ हे एक वर्ष निवडले, कारण त्यात माझे वडील आहेत. ठाण्याबाहेर त्याच पक्षाच्या त्याच वर्षांनी ज्यांना त्रास दिला, त्यांच्या घरांत वेगळ्या वह्या असतील. जासईची_माती यांनी तर माझी व्याख्याच दुरुस्त केली आहे; मूळ पक्षाचे असते असे मी धरून चाललो होतो.

शाखेतला_एक यांच्या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नाही. त्या ताईला थांबवता येत नाही, हे बरोबर. पण तिचे काम करून दिल्यावर, खिडकीवरच्या माणसाने तिला तीनदा का परत पाठवले हेही आपण लिहून ठेवावे आणि अशी पन्नास नावे झाली की ती एकत्र घेऊन आयुक्तांकडे जावे, एवढी विनंती करतो. वडील तसेच करत.

काल रात्री ती वही पुन्हा काढली. तीत प्रत्येक तक्रारीपुढे तारीख आहे, कोणाला भेटलो ते आहे, आणि शेवटच्या रकान्यात 'झाले' किंवा 'राहिले' असा एकच शब्द. काही ठिकाणी 'राहिले' खोडून वर्षभरानंतरच्या शाईने 'झाले' केलेले आहे. मी त्याच चार रकान्यांचा एक तक्ता तयार केला आहे. निवडणूक जाहीर झाली की आमच्या प्रभागात मुळांचे नाव घेऊन येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही चिन्हाचा असो, मागच्या पाच वर्षांतली आपली कामे त्यात भरून द्यायला सांगणार आहे. नौपाड्याच्या सदस्यांनी म्हाळगींच्या अहवालाची एखादी प्रत सापडल्यास तिचे मथळे कळवावेत, म्हणजे तक्ता नीट करता येईल. घोडबंदरसाठी पाण्याचा आणि जासईसाठी गावठाणातल्या घरांचा रकाना त्या त्या सदस्यांनी घालून द्यावा. उद्या संध्याकाळी तक्ता इथेच टाकतो.